तापलेलं माप

गुंडेरावांनी लेझरची कळ एक खूण पुढे सरकवली आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

"काका, झालं का?" निनाद दारातून डोकावला. "पाहुण्यांचा चहा संपत आलाय."

"आयितु, सर. झालं."

निनाद वळला. कोपऱ्यात मदतनीस तुंगा फायबरवरचं प्लास्टिक सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. तिला दिसलं की नाही, हे गुंडेरावांना कळेना. आता लेझरचे ठोके जास्त भरभर पडणार होते आणि फायबर रोजच्यापेक्षा जास्त तापणार होतं.

हूटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात केसाएवढ्या काचेच्या तंतूत, म्हणजे फायबरमध्ये, लेझरने अतिसूक्ष्म रेघा कोरत. पुलाला चिकटवलेला असा तंतू, पूल ताणला गेला की लगेच सांगतो. कोरताना पडद्यावर एक टोकदार शिखर उगवायचं आणि उजवीकडे सरकत जायचं. ठरल्या जागी आलं की लेझर बंद. पण बंद केल्यावर ते पुन्हा डावीकडे घसरायचं. कितीतरी माल असा भंगारात गेला, आणि कारण कुणाला सापडत नव्हतं.

गुंडेरावांना ते सापडलं अग्रहारातल्या आपल्या वडिलांच्या आठवणीत. वडील शिंपी. इस्त्रीखालून निघालेल्या कापडावर ते कधी टेप ठेवत नसत. "निवू दे," म्हणायचे, "आत्ता माप खोटं येईल." फायबरचंही तसंच होतं. शिखर ठरल्या जागेच्या थोडं पुढे जाऊ द्यायचं, म्हणजे निवल्यावर ते मागे येऊन बरोबर बसतं. किती पुढे, हे त्यांनी स्वतःवर शंका घेत पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं होतं. मगच भीतभीत सांगायला गेले, तर निनाद सगळ्यांदेखत हसला होता.

"काका, ही लॅब आहे. गळ्यात टेप अडकवून बसायचं दुकान नाही."

आणि पुण्याच्या परिषदेत त्याने तेच मांडलं, स्वतःच्या नावाने. परत आल्यावर पेढे वाटले. गुंडेरावांनीही पेढा घेतला होता आणि खाल्ला होता. तेच त्यांना सगळ्यात जास्त टोचत होतं.

पाहुणे आत आले. पुलांच्या खात्याचे महादेवराव थेट पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. निनादने लेझर सुरू केला. शिखर उगवलं, सरकू लागलं, पडद्यावरच्या ठरलेल्या रेघेवर आलं.

"आता थांबवाल ना?" महादेवरावांनी विचारलं.

"इथेच तर सगळे चुकतात, साहेब. निवल्यानंतरचा हिशेब आम्ही आधीच करून ठेवतो."

शिखर किती पुढे जाऊ द्यायचं, ते अंतर निनादला पाठ होतं. ताप वाढला की ते अंतरही वाढतं, एवढं मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं. तेवढं पुढे जाऊ देऊन त्याने लेझर बंद केला. शिखर मागे आलं, रेघेला टेकलं आणि थांबलं नाही. रेघ ओलांडून डावीकडे घसरत राहिलं.

निनादच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे... मूळ पद्धत यांची, साहेब. आमच्या गुंडेरावांची. यांचंच डोकं सगळं. काका, सांगा ना."

सगळे वळले. हेच वाक्य गुंडेरावांनी घरी जाताना बसमध्ये कितीदा मनातल्या मनात निनादच्या तोंडी घातलं होतं. आता एवढंच म्हणायचं होतं की साहेब, कळ पुढे गेलीय, दुसरं फायबर लावतो. शिखर बरोबर बसलं असतं आणि नावही. त्यांचा हात कळीपर्यंत गेला. मग तोच हात वर गेला आणि त्यांनी चष्मा सारखा केला.

"माझी कसली, साहेब? मी शिंप्याचा मुलगा. पद्धत सरांचीच. पुण्याच्या परिषदेत त्यांच्याच नावाने छापून आलीय."

महादेवरावांनी निनादकडे पाहिलं.

"छापली तेव्हा तुमची आणि घसरली की यांची? पूल खचला तर कुणाचं नाव सांगाल?"

ते दाराकडे निघाले. निनाद काहीतरी बोलत त्यांच्यामागे धावला.

तुंगा उठली, नवं फायबर लावलं आणि यंत्रापाशी आली.

"कळ मागे घेऊ, अण्णा?"

गुंडेरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "घे."

शिखर पुन्हा उगवलं, रेघ ओलांडून पुढे गेलं. तुंगाने लेझर बंद केला. ते मागे येऊ लागलं.

"बघा अण्णा, बरोब्बर बसतंय. हे तुमचंच ना? मला सगळं माहीत आहे. जाऊन सांगू साहेबांना? अजून गाडी निघाली नसेल."

गुंडेरावांनी खुर्ची ओढली आणि पडद्याकडे पाठ करून बसले.

"आत्ता काही बोलू नकोस," ते म्हणाले. "आधी निवू दे."