तुझ्या वतीने कोण आलंय?

अफ्रियेचा आवाज असा खणखणीत, की असेंब्लीच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या बोआडूने प्रचाराच्या गाडीवर तिलाच बसवलं. गाणंही तिनेच रचलं: ‘कवळी सांभाळ म्हाताऱ्या, घरी जाऊन झोप!’ हा म्हातारा म्हणजे बोआडूविरुद्ध उभे असलेले डोंकोर गुरुजी. अफ्रियेला अक्षरं त्यांनीच शिकवली होती, पण निवडणुकीच्या हवेत असल्या गोष्टी लक्षात कोण ठेवतं!

मंगळवारी तिच्या आठ वर्षांच्या लेकीने, डुफीने, हेच गाणं नळावर म्हटलं, आणि तेही थेट गुरुजींच्या तोंडावर. रांगेतल्या बायकांनी कानांना हात लावले. आमच्याकडे थोरांना डाव्या हाताने काही दिलं तरी पोरांच्या पाठीत धपाटा बसतो, मग हे तर फारच झालं.

अफ्रियेने घरी तिचा कान पिरगाळला. “हेच शिकवलं का गं तुला?”

“तूच तर रोज म्हणतेस! भोंग्यावरून म्हटलं की चालतं का?”

“ते... निवडणुकीचं असतं,” अफ्रिये पुटपुटली, आणि स्वतःच्याच बोलण्याची तिला लाज वाटली.

आम्हा आसान्ते लोकांच्या गावांत आपली माफी आपण मागत नाही. आपल्या वतीने बोलायला कुणाला तरी सोबत न्यावं लागतं. संध्याकाळी माफीची भेट म्हणून अंड्यांचा वाडगा घेऊन अफ्रिये लेकीसह गुरुजींच्या अंगणात गेली. चपला काढून म्हणाली, “गुरुजी, पोरीच्या वतीने मी पाया पडते. अजाण आहे. चूक पदरात घ्या.”

“तिला केव्हाच माफ केलं,” गुरुजी म्हणाले. “चाल छान धरली होती हो तिने. पण तुझ्या वतीने कोण आलंय?”

अफ्रियेने मागे वळून पाहिलं. कुणीच आलं नव्हतं. कुणाला तरी आणायला हवं, हे तिला सुचलंसुद्धा नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

तेवढ्यात डुफीने तिच्या हातातला वाडगा ओढून घेतला आणि गुडघे टेकले. “गुरुजी, आईच्या वतीने मी पाया पडते. अजाण आहे. चूक पदरात घ्या.”

गुरुजींना हसता हसता ठसका लागला. त्यांनी वाडगा घेतला. अफ्रिये मात्र रडली.

सकाळी तिने बोआडूला सांगून टाकलं, “हे गाणं मी म्हणणार नाही. तुम्ही गटार बांधणार ना, त्याचं म्हणते.”

“गटारावर मतं मिळतात होय? मला दुसरी बाई मिळेल!”

“मिळू दे,” म्हणत ती गाडीतून उतरली. जाण्याआधी कालचं नळावरचं आणि अंगणातलं सगळं मात्र तिने त्याला ऐकवलं.

दिवसभर गाडी गप्पच होती. तिन्हीसांजेला बोआडू तिच्या दाराशी आला, टोपी हातात घेऊन.

“एकटा कसा जाऊ मी गुरुजींकडे?” तो खाली बघत म्हणाला. “माझ्या वतीने कोण बोलेल?”

अफ्रियेने तोंड उघडण्याआधीच डुफी चपला घालून अंगणात उभी होती.