पडणार नाही अशी जागा

बहात्तरच्या संक्रांतीला आमचे मालक पतंग उडवताना माळवदावरून पडले. पतंग उडवणाऱ्याची मान वर असते आणि पाय मागं मागं जातात. माळवदाला कठडा नाही हे कुणाच्या ध्यानात राहतं? पाय मोडला. हाडवैद्यानं हाड नीट बसवलं, पण माणूस मिटला तो मिटलाच. कामापुरते बाहेर जायचे, आले की भिंतीला टेकून गप्प बसायचे. हसणं तर विसरलेच. मला ते बघवेना.

सासूबाईंनी मांज्याची आसारी त्याच दिवशी चुलीत घातली होती. पुढची संक्रांत जवळ आली तसा मी विषय काढला.

"आत्याबाई, यंदा ह्यांना पतंग उडवू द्या."

"दुसरा पाय मोडायचाय व्हय पोराचा?"

"चांगली जागा बघते की मी."

"मागं चालून बी मानूस पडनार न्हाई, अशी जागा दाव. मग बघू."

त्यांना वाटलं, मिटली कटकट. पण मी खर्डा गावची लेक, ऐकते कसली!

दुसऱ्या दिवसापासून मिरजगाव पालथं घातलं. माझी रीत एकच: नजर आभाळाला, पाय मागं. खळ्यावर चालले, तर टाच थेट विहिरीच्या काठाला. देवळामागं चालले, तर डोक्यावर विजेच्या नव्या तारा. नगर रस्त्याच्या कडेला चालले, तर मालट्रकवाल्यानं असा भोंगा वाजवला की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. "रंगनाथची बायको खुळावली," बायका म्हणाल्या. म्हणोत! त्यांचे नवरे असे भिंतीला टेकून बसले असते, तर त्याही खुळावल्या असत्या.

शेवटी उरलं गावतळं. पाऊस नव्हताच, तळं ठणठणीत कोरडं. गाळ वाहणाऱ्या बैलगाड्यांनी तळ सपाट झालेला. झाड नाही, तार नाही. कितीही मागं जा, पाठीला बांध लागतो.

आत्याबाईंना नेलं. माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा कुठला? पदर खोचला, मान वर केली आणि स्वतःच निघाल्या मागं मागं. थोडं गेल्या आणि धपकन बसल्या. मी धावत गेले. त्या मात्र बसल्या बसल्या हाताखालची भुसभुशीत माती चाचपत होत्या.

"पडले," त्या म्हणाल्या, "पन लागलं न्हाई."

संक्रांतीला ह्यांचा पतंग उंच चढला. हे मागं मागं सरकत गेले, पाठ बांधाला टेकली आणि वर्षानंतर खळखळून हसले. मला रडू आलं, लपवलंही नाही.

आत्याबाईंची नजर मात्र तळ्याच्या कोरड्या भुईवर होती. त्यांनी हात जोडले.

"देवा, पुढल्या संक्रांतीला हितं पुरुषभर पानी असू दे. जागा मी दुसरी हुडकीन. मागं चालायला आता मला बी येतंय."