नुसता फ्लॅश

“आप्पा, रोल हाय ना आत, का नुसताच खटका?” शेषेराव गुरुजींनी विचारलं आणि वाळूत रांगेनं उभी राहिलेली सगळी मंडळी हसली.

माणिकप्पा बिराजदार हसले नाहीत. त्यांनी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला, डावा डोळा मिटला आणि “गुरुजी, पोट आत” एवढंच म्हणाले. खट्. आता हसायची पाळी गुरुजींच्या बायकोची होती.

निलंग्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल कोल्हापूरला आली होती. देवीचं दर्शन झालं होतं आणि आजचा एक दिवस मालवणसाठी होता. पहाटे निघायचं, समुद्र बघायचा, मासे न खाणाऱ्यांनी सोलकढीवर समाधान मानायचं आणि दिवस कलला की परत फिरायचं. चाळीस म्हातारे-म्हाताऱ्यांपैकी निम्म्यांनी समुद्र आज पहिल्यांदा पाहिला. खिडकीतून तो दिसला तेव्हा बसमधली भजनं एकाएकी थांबली. मग मागून कुणीतरी म्हणालं, “एवढं पानी! आन आपल्या लातूरला रेल्वेनं आणावं लागलं.”

माणिकप्पांनीही तो आजच पाहिला, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी. गंमत अशी, की निलंगा तालुक्यातल्या निम्म्या लोकांना समुद्रापुढं उभं करून त्यांनी फोटो काढले होते. बसस्टँडसमोरच्या त्यांच्या ‘तारा फोटो स्टुडिओ’त समुद्राचा पडदा होता. निळाभोर समुद्र, दोन माड आणि धूर सोडणारं एक जहाज. उदगीरच्या पेंटरनं तो रंगवला होता आणि त्या पेंटरनंही समुद्र पाहिलेला नव्हता. तरी त्या पडद्यापुढं नवी जोडपी उभी राहिली, वर्षाची बाळं उघडी बसली, मिसरूड फुटलेल्या पोरांनी कमरेवर हात ठेवले. कुणाचीही तक्रार आली नाही. खरा समुद्र मात्र तसा निघाला नाही. तो मातकट, हिरवट होता आणि एक क्षण जागेवर थांबत नव्हता. असलं गिऱ्हाईक स्टुडिओत आलं असतं तर माणिकप्पांनी दटावलं असतं.

स्टुडिओ बंद होऊन बारा वर्षं झाली होती. आधी डिजिटल आलं, मग सगळ्यांच्या खिशात मोबाइल आला. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. बायको तारामती जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा श्रीनाथ पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. बाकी सहा दिवस माणिकप्पांना नावानं हाक मारणारं घरात कुणी नव्हतं. आज सकाळपासून मात्र “आप्पा, इकडं”, “आप्पा, आमचा जोडीनं” असा घोष चालला होता. लोकांकडं मोबाइल होते, पण आप्पांच्या कॅमेऱ्यापुढं उभं राहण्यातली ऐट मोबाइलला नव्हती. आकडा पंचविशीच्या पुढं गेला. माणिकप्पा मोजत होते. छत्तिसातला शेवटचा फोटो त्यांना स्वतःसाठी राखायचा होता.

त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

लग्नाच्या फोटोग्राफरांचा एक रिवाज असे. तो धंद्याबाहेर कुणाला सांगत नसत. रोल छत्तीस फोटोंचा आणि वऱ्हाडात हौशे-नवशे शंभर. नवऱ्याचा मामा, मामाचा साडू, साडूची पोरं, सगळ्यांना फोटो हवा. नाही म्हटलं की रुसवेफुगवे. मग कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि खटका न दाबता नुसता फ्लॅश मारायचा. लख्ख उजेड पडला की माणूस खूश. पुढं कुणी फोटो मागायला आलंच, तर “धुताना खराब झाला” म्हणायचं. या कामात माणिकप्पांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता.

जित्याची खोड. तारामती सणाला नवी साडी नेसून स्टुडिओत यायची आणि समुद्रापुढं उभी राहायची. “आवो, माझा एक काढा की.” घरच्या माणसावर रोल कुठं घालवायचा? माणिकप्पा नुसता फ्लॅश मारत. “कवा मिळंल?” ती विचारायची. “रोल संपला की धुतो.” घरचीच बाई, ती कुठं पळून चालली होती? काही वर्षांनी तिनं विचारणं सोडलं. पण दिवाळीला, पाडव्याला यायची, पदर सारखा करायची, हनुवटी जरा खाली घ्यायची आणि उजेड पडला की हसून घरी जायची. तिला कळलं होतं का, हे माणिकप्पांनी कधी विचारलं नाही. विचारता येत होतं तोवर सुचलं नाही.

ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो मिळेना. साऱ्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्याच्या घरात बायकोचा एक फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणाले आणि ते काही खोटं नव्हतं. शेवटी आधार कार्डावरचा चेहरा कॉम्प्युटरवाल्यानं मोठा केला, त्याखाली दुसऱ्याच कुठल्या बाईची जरीची साडी चिकटवली आणि मागं गुलाबाची बाग टाकली. त्याच फोटोला हार घातला. माणिकप्पा रोज त्यापुढं उदबत्ती लावतात, पण वर बघत नाहीत.

गेल्या महिन्यात जुन्या कपाटात, औषधांच्या बाटल्यांमागं एक काळा-पांढरा रोल सापडला. मुदत कधीच उलटलेली होती. त्याच दिवशी त्यांनी सहलीला नाव दिलं. पडद्याकडं बघून तारामती एकदा म्हणाली होती, “खरा समुद्र असाच असतो का वो? एकदा दावा तरी.” तेवढा एक फोटो काढायचा आणि तिच्या शेजारी लावायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

चार वाजून गेले. मंडळी चहाला पांगली तेव्हा केवळाबाई आल्या. ह्या रेणापूरच्या, निलंग्यात बहिणीकडं आलेल्या असताना सहलीत सामील झालेल्या. नवरा नाही, मूल नाही, हातातल्या फोनला नुसती बटणं. दिवसभर त्या रांगेत उभ्या राहिल्या नव्हत्या.

“आप्पा, माझा एक काढताव का? एकटीचा.”

“काढू की. समुद्र मागं घ्यायचा का?”

“समुद्र ऱ्हाऊ द्या तिकडं. तोंड नीट आलं पायजे.” त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. “माझ्यामागं भिंतीला लावायला पायजे. भयनीचं पोरगं लावतो म्हनलंय. पर लावायला तरी कायतरी पायजे का न्हाई?”

माणिकप्पांनी त्यांना उन्हाकडं थोडं तिरकं उभं केलं. वाऱ्यानं उडणारी बट मागं घ्यायला लावली. हनुवटी जरा खाली. खट्. पस्तीस.

“कवा मिळंल?” केवळाबाईंनी विचारलं.

“गेल्या गेल्या धुतो,” माणिकप्पा कसंबसं म्हणाले.

केवळाबाई वाळूतच बसल्या. माणिकप्पा पुढं गेले, पाण्याच्या रेघेपाशी थांबले आणि समुद्राचा फोटो काढला. छत्तीस. सवयीनं अंगठ्यानं रोल पुढं सरकवायची पट्टी ओढली. रोल संपला की ती पट्टी अडते. ती अडली नाही. सरळ पुढं गेली. सदतीस. त्यांनी पुन्हा ओढली. अडतीस.

त्यांनी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूची बारकी कळ पाहिली. आत रोल सरकला की ती फिरते. पट्टी ओढली. कळ जागची हलली नाही.

दिवसभर रोल सरकलाच नव्हता. सकाळी घाटात, हेलकावे खाणाऱ्या बसमध्ये त्यांनी तो भरला होता. गुरुजी “बघू, बघू” करत अंगावर रेलले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जवळचं धड दिसत नव्हतं, तरी पन्नास वर्षांच्या हाताच्या तोऱ्यात त्यांनी झाकण बंद केलं होतं. कळ फिरते का बघा, हे स्वतःच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला त्यांनी डोक्यात टपली मारून सांगितलं होतं. आणि आज त्यांनीच बघितलं नव्हतं. जन्मभर लोकांना मुद्दाम फसवलं, आज न ठरवता फसवलं, एवढाच काय तो फरक.

त्यांना रडू आलं. समुद्राकडं तोंड होतं ते बरं झालं.

कुणाला काही कळणार नव्हतं. महिन्याभरानं फोन करून “धुताना खराब झाला” म्हणायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. हसतील, विसरतील. ते मागं वळले. केवळाबाई अजून डोक्यावरून पदर घेऊनच बसल्या होत्या, फोटो चालूच असल्यासारख्या.

माणिकप्पा त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. “अक्का, तुमचा फोटू आला न्हाई.”

“आँ?”

“कुनाचाच आला न्हाई. रोल अडकलाच नव्हता. चूक माझी हाय.”

केवळाबाईंनी त्यांच्याकडं वर पाहिलं. “मंग आता?”

“आता काय. बसमधी सांगतो सगळ्यांला.”

“ते सांगा. त्येंच्याकडं मोबाइल हायतच.” केवळाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “माझा परत काढा की. मी हाय की अजून.”

माणिकप्पांनी पाठ उन्हाकडं केली, सावलीत झाकण उघडलं आणि रोलची पुढची जीभ खाचेत घातली. ती दोनदा निसटली. “घाई नगा करू,” केवळाबाई म्हणाल्या. बसनं हॉर्न दिला. सहलीचे सेक्रेटरी वैजनाथ तिकडून हात हलवत होते. माणिकप्पांनी झाकण लावलं, पट्टी ओढली आणि कळ फिरलेली डोळ्यांनी पाहिली. पुन्हा ओढली, पुन्हा पाहिली.

“हनुवटी जरा खाली, अक्का.”

खट्.

“आला?”

“आला. पोष्टानं रेणापूरला पाठवतो. न्हाई, मी सोता आणून देतो.”

केवळाबाई चपला हातात घेऊन बसकडं गेल्या. माणिकप्पा मागं राहिले. आता समुद्राचा. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. ऊन पाण्यावर पसरलं होतं. दूर एक होडी होती. फोटो चांगला आला असता. पण त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

स्टुडिओत कॅमेऱ्यापासून पडदा दहा फुटांवर होता आणि माणसानं उभं राहायची खडूची खूण सात फुटांवर. समुद्रासाठी भिंगावरची अंतराची कडी शेवटपर्यंत फिरवायची असते. माणिकप्पांनी ती सातावर आणली. सात फुटांवर ओली वाळू होती, दुसरं काही नव्हतं. तारामतीच्या उंचीचा अंदाज घेऊन त्यांनी कॅमेरा थोडा खाली केला.

“पदर नीट घे,” ते म्हणाले.

तिला नेहमीच वेळ लागायचा, म्हणून ते थांबले. बसनं पुन्हा हॉर्न दिला, तरी थांबले. मग खटका दाबला आणि पट्टी ओढली. कळ फिरली.

“घरी गेल्या गेल्या धुतो,” माणिकप्पा म्हणाले, आणि कॅमेऱ्याला टॉवेल गुंडाळून बसकडं चालू लागले.