विहिरीची पाळी आणि आईची

मळ्यातल्या महिला मंडळाने त्या संक्रांतीला उज्वलाचा सत्कार ठरवला होता. सासू साळूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली, तेव्हापासून या सुनेने तिला पाटीतल्या फुलासारखं जपलं, म्हणून 'आदर्श सून' म्हणून तिला शाल मिळणार होती. नवरा महेश सातपूरच्या कंपनीत ज्याला त्याला हे सांगत होता.

त्याच आठवड्यात वणीहून निरोप आला. उज्वलाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं; लेकीने आठवडाभर जवळ राहावं, एवढीच त्या माउलीची इच्छा. साळूबाई पडल्यापासून उज्वला माहेरी एक रात्रही राहिली नव्हती. जेवताना तिने विषय काढला, तर महेश म्हणाला, सत्काराच्या तोंडावर कशी जाशील, आणि आईचं कोण करणार? उज्वला ताट सारून उठली आणि सासूची कूस बदलायला आत गेली.

साळूबाईची नणंद अक्काबाई भेटीला आलेली होती. तिने सगळं ऐकलं आणि सुपारी कातरत राहिली.

संध्याकाळी महेशचा धाकटा भाऊ चंदर तावातावाने आला. भावांच्या वाटण्या झालेल्या, घरं शेजारीशेजारी. विहीर तेवढी सामाईक. दिवसाआड पाण्याची पाळी. आज चंदरचा दिवस, आणि महेशची मोटर अजून चालूच! माझा झेंडू सुकतोय, असं चंदरचं म्हणणं. काल वीज नव्हती त्याला मी काय करू, असं महेशचं.

"पाण्याची पाळी हुकली तर पळत येतोस, चंदर," अक्काबाई म्हणाली. "आईची पाळी कधी धरली का रं?"

चंदर गडबडला. "आई दादाकडं हाय ना, आत्या."

"दादाकडं कुठं? दादा तर कंपनीत. आई हाय उज्वलाकडं."

"म्हणून तर सत्कार होतोय तिचा," महेश म्हणाला.

"शाल पांघरली म्हणून राहिलेली झोप भरून निघत नाय, म्हेशा."

ही बायकांची कामं, गड्याला कशी जमायची, असं महेश पुटपुटला. लुगडं बायका बदलतील, अक्काबाईने सुनावलं, पण घास भरवायला काय हातात बांगड्या लागतात? मग फुलं ओवताना साळूबाईच म्हणायची ती ओवी तिने हळूच म्हटली:

झेंडूची गं माळ, ओवा दोघी-चौघी मिळून
एकटीच्या बोटाला गं, दोरा जातो कापून

आतून जड जिभेचा आवाज आला. "जाऊ... द्या तिला."

सगळे खाटेपाशी गेले. उज्वलाने उशाचा तांब्या उचलला. तो भरलेलाच होता. सकाळी भरला होता तसाच. पाणी का नाही प्यायलात, असं तिने विचारलं. साळूबाईने तोंड भिंतीकडे वळवलं.

"प्याले की... तुला उठावं लागतं, पोरी."

बाहेर मोटर घरघरत होती. विहिरीच्या पाण्यावरून दोन लेक भांडत होते, आणि घरात आई तहानलेली! महेशने जाऊन मोटर बंद केली. परत आला तो चंदर आईच्या मानेखाली हात घालून तिला पाणी पाजत होता. निम्मं उशीवर सांडलं.

तिथेच ठरलं: ज्याचा विहिरीचा दिवस, त्याचाच आईचा. उज्वला सकाळच्या एसटीने वणीला गेली. सत्काराला ती नव्हतीच. शाल अक्काबाईने आणली आणि साळूबाईच्या पायांवर घातली.

उज्वला परतली, तेव्हा सासूच्या केसांची विचित्र वेणी दिसली. चंदरने झेंडूच्या माळेची गाठ मारली होती, सुटता सुटेना.

"भाऊजी, वेणी घातली का तोरण बांधलं?"

साळूबाई अर्ध्या ओठांनी हसली.

मंडळी, आपल्याही घरात अशी एखादी उज्वला असेल. तिचं कौतुक जरूर करा, पण कौतुकाने तिचा भार हलका होत नाही. भार वाटून घेतल्यानेच होतो. आणि ज्याची सेवा होते, त्याच्याही जिवावरचं ओझं त्यानेच उतरतं.

उज्वलाने सवयीने तांब्याला हात घातला. महेशने तो काढून घेतला.

"बस तू. आज पाळी माझी आहे."

साळूबाईने सगळा तांब्या रिकामा केला.