खिरापतीच्या डब्याला पडलेला पोचा

मी खिरापतीचा डबा बोलतोय. घासलेटचा पिपा कापून मला पांढुर्ण्याच्या बाजारात घडवलं. बरेच दिवस माझ्यातल्या फुटाण्यांनाही घासलेटचा वास यायचा, पण सौंसरच्या मुलींच्या सुधारगृहात नाक मुरडणारं कोणी नव्हतं.

भुलाबाईची, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याची, गाणी संपली की मला वाजवायचं आणि आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. आमच्या अधीक्षिका देवकाबाई यात भलत्याच पटाईत. शेव असो की बत्तासे, कानाशी धरलं की ओळखलंच. मला तर रागच यायचा त्यांचा.

छप्पन साल होतं. राज्यांची नवी वाटणी होऊन नागपूर मुंबई राज्यात आणि आपण मध्य प्रदेशात असं ठरलं, आणि दिवाळीनंतर मुलींना जबलपूरला हलवणार होते. त्या मुलींत एक जयवंता. लग्न नको म्हणून ही मोहगावहून पळाली आणि तिगावच्या स्टेशनवर पोलिसांना सापडली. तिची धाकटी बहीण विजया समोरच्याच गल्लीत मामाकडे राहायची. तिचं गाणं भिंतीवरून ऐकू यायचं, भेट मात्र नाही.

"बाई, कोजागिरीले तुम्ही तीनदा चुकल्या, तं आमाले गल्लीत खेळू द्याल?" जयवंतानं विचारलं.

"चुकीन तवा ना," देवकाबाई हसल्या. "जा, देल्ला शब्द."

कोजागिरीला त्यांनी मला खळखळ हलवलं. सुपाऱ्या? नाही. खारका? नाही. खोबऱ्याचे तुकडे? तेही नाही. मुलींनी तोंडाला पदर लावले.

"थांबा वं, माह्या किल्ल्याच मधात वाजून राहिल्या," म्हणत बाईंनी कमरेला हात लावला. कमर रिकामी!

"तुम्ही न्हायले गेल्या तवा खुंटीवरून काढल्या," जयवंता म्हणाली.

"म्हंजे दुपारपासून फाटक तुमच्या हातात होतं?"

"हो जी. पण पळून गेली असती, तं विजीसंग खेळू कोण देल्लं असतं मले?"

बाईंनी डोळे पुसले, माझ्यातून किल्ल्या काढल्या आणि स्वतः फाटक उघडलं. गल्लीत विजयानं बहिणीला अशी मिठी मारली की तिच्या हातातला मी मधल्यामध्ये चेपलो.

खेळून सगळ्या परतल्या. सर्वांत शेवटी जयवंता आली. तिनं फाटक आतून लावलं, कुलपातल्या किल्ल्या माझ्यात टाकल्या आणि मला बाईंपुढं धरलं. "ओळखा."

या वेळी बाई चुकल्या नाहीत. मुली जबलपूरला निघाल्या तेव्हा त्यांनी मला जयवंतालाच देऊन टाकलं.

पुढं तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं; आता मी रामाकोन्याला, तिच्या सासरी असतो. झाकण गंजलंय, आवाज बसलाय. तरी दर कोजागिरीला विजया येते, खिरापत माझ्यातच भरते. मला रंगवा, घासा, काय वाटेल ते करा. पोचा मात्र ठोकून सरळ करू नका.