चार दिवस शेजारच्या चुलीवर

दचकू नका, मी बोलतेय, ओढ्याकाठी पडलेली हंडी. लोखंडाची, तीन पायांची, काजळीनं माखलेली. मी स्वतः पटकन दचकते, म्हणून आधीच सांगून टाकलं.

साच्यातून निघाले ती थेट जत्रेत आले, आणि तिथं ऊनाच्या हातात पडले. नवी नवरी होती ती. तिनं मला उलटं धरलं, बोटानं वाजवलं, कान लावून ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "टायग, हीच घेऊ."

आयर्लंडमधलं आमचं क्लोनबारा गाव लहान, पण जुन्या सनदेचं. डब्लिनच्या संसदेत त्याचे दोन सभासद बसत. ते निवडायचा हक्क कुणाला? ज्याची स्वतःची हंडी स्वतःच्या चुलीवर सलग सहा महिने शिजली, त्या पुरुषाला. म्हणजे मत टायगचं, पण शिजायचं माझ्या पोटात. मला त्याचा केवढा अभिमान होता! आता आठवलं की लाज वाटते.

जमीनदाराच्या कारभाऱ्यानं टायगला झोपडी दिली ती याच बोलीवर. "सहा महिने चूल पेटती ठेव. निवडणुकीत चारचौघांत आमच्या माणसाचं नाव घे. मग हे घर हयातभर तुझं. मत नसलेलं कूळ मला नको, काय?"

पाच महिने सरले आणि शेजारच्या फीनींच्या घरात ताप शिरला. नवरा कॉल आणि दोन पोरी, तिघंही आडवे. त्यांची हंडी थंडीतच तडकली होती. कॉलची बायको ग्रानिया आमच्या दारात येऊन उभी राहिली, पण मागायला तिची जीभ रेटेना. ऊनानं मुकाट्यानं मला चुलीवरून उतरवलं.

"डोकं फिरलंय का तुझं?" टायग ओरडला. "बावीस दिवस राहिलेत!"

"त्या पोरी बावीस दिवस थांबतील?"

"कुणी पाहिलं तर?"

"पाहू दे. पेजच देतेय, दरोडा नाही घालत."

चार दिवस मी फीनींच्या चुलीवर ओटची पेज शिजवली. आमची माणसं तोवर राखेत भाजलेल्या बटाट्यांवर राहिली. पाचव्या दिवशी कॉल उठून बसला. माझ्या तळाची खरवड त्यानं बोटानं पुसून खाल्ली आणि ऊनाला म्हणाला, "वहिनी, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

विसरला नाहीच तो.

मतदानाच्या दिवशी पुरावा म्हणून टायग मला खांद्यावर घेऊन कचेरीत गेला. कॉल आधीच तिथं होता. गावातल्या दारूवाल्याची पिंपं तो गाडीतून पोचवायचा, आणि दारूवाल्याचा उमेदवार दुसरा होता.

कारकुनानं टायगचा हात बायबलवर ठेवायला लावला. "सहा महिने, एकही दिवस खाडा नाही?"

देवाची शप्पथ खोटी घ्यायचं त्याला धाडस होईना.

"बोल की रे!" गर्दीतून कुणीतरी खिदळलं. "का हंडीलाच विचारायचं?"

मी काय बोलणार होते! तेवढ्यात कॉल पुढं आला. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.

"हरकत आहे, साहेब. चार दिवस ती त्याच्या चुलीवर नव्हती."

"तुला कसं ठाऊक?"

"मी तिच्यातलं खाल्लंय."

कारकुनानं टायगच्या नावावर रेघ ओढली.

आठवड्यात कारभाऱ्यानं आमचं छप्पर उतरवलं. दोघं बंदराच्या वाटेला लागले. ओढ्यापाशी टायग म्हणाला, "टाक ती!" ऊनानं मला टाकलं नाही, हळूच खाली ठेवलं. मग तिनं मागं वळून पाहिलं नाही.

तीन वर्षांत डब्लिनची संसदच मोडून लंडनच्या संसदेत मिळवली गेली. तिथं आमच्या गावाला जागा नाही. जमीनदाराला मतं नकोत, म्हणून झोपड्या पाडून त्यानं मेंढ्या सोडल्या. दारूवाल्यालाही कॉलची गरज उरली नाही. फीनींचंही घर गेलं.

निघताना ग्रानिया ओढ्यावर पाणी प्यायला वाकली आणि मी तिला दिसले. तिनं माझ्या काठावर हात ठेवला.

"नको उचलू," कॉल रस्त्यावरून म्हणाला.

"अहो, आपल्याकडं शिजवायला भांडं नाही."

"तरी नको."

तिनं हात काढला.

आता माझ्या पोटात शेवाळ आहे आणि तळाला गंजाचं एक भोक. पण ते अजून लहान आहे, सांधता येईल. वाटेनं जाणाऱ्यांनो, न्या मला कुणीतरी. कुणाच्या चुलीवर किती दिवस होते, ते मी कुणालाही सांगणार नाही.