भोंग्याची खुर्ची

माझ्या धाकट्या भावाला सगळे भोंगा म्हणायचे. काचेच्या कारखान्यात तो भट्टीवर होता, आणि तिथल्या घरघरीतही त्याची हाक दुसऱ्या टोकाला पोचायची. मोर्चात त्याने घोषणा द्यायला सुरुवात केली की लाउडस्पीकरवाला खिशात हात घालून उभा राहायचा. हळू बोलायची आमच्या घराण्यात पद्धतच नाही. मी कपडे शिवायच्या कारखान्यात आहे. तिथे सगळ्या मशिनी चालू असतानाही माझं बोलणं ऐकू जातं, अशी मुकादमाची तक्रार असते.

चळवळीत मला त्यानेच नेलं, आणि मी गेले ती पुरती गेले. दर रविवारी हॉलमध्ये बैठक असायची. तिथे मास्तर बोलायचे. मास्तर म्हणजे आमचे नेते. कॉलेजातली नोकरी सोडून आलेले, पुस्तकं लिहिणारे. त्यांचं पहिलं भाषण ऐकलं तेव्हा मला कळलं की माझी पाठ दुखते त्याला कारण आहे, आणि ते कारण मी नाही. तोवर मी स्वतःलाच दोष देत होते. त्या माणसाचे हे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ अडखळते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

संपाच्या दिवशी लोकांनी रेटा दिला आणि काचेच्या कारखान्याचं लोखंडी फाटक कोसळलं. त्याखाली वॉचमन मेला. भोंगा सगळ्यांत पुढे होता, त्याला पकडलं, शिक्षा झाली. आमच्या चळवळीत एक रिवाज होता. जो तुरुंगात आहे त्याची खुर्ची बैठकीत रिकामी ठेवायची, पहिल्या रांगेत मधोमध. भोंग्याच्या खुर्चीवर त्याचा मफलर टाकलेला असायचा. बैठकीआधी मास्तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ गप्प उभे राहायचे, आणि पुढे बसलेल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. त्या खुर्चीसाठी मी लाल खोळ शिवली, काठाला दुहेरी शिवण घातली. पुढे तर ती खुर्ची टेम्पोत घालून दुसऱ्या शहरांतल्या सभांनाही न्यायला लागले. भाऊ कोठडीत आणि खुर्ची दौऱ्यावर, असं मी सगळ्यांना हसत सांगायचे. अभिमान वाटायचा मला, खोटं कशाला बोलू?

तो सुटून आला तेव्हा मी त्याला चालण्यावरून ओळखलं. तुरुंगातल्या खोकल्याने छाती पोखरली होती आणि आवाज गेला होता. बोलायला लागला की शब्दापेक्षा वाराच जास्त यायचा. डॉक्टर म्हणाले, आता एवढ्यावरच भागवायचं.

मास्तर भेटायला घरी आले. त्यांनी भोंग्याला मिठी मारली, डोळे पुसले. ते रडणंही खरं होतं, असं मला अजून वाटतं. मी चहा केला. भोंग्याने कपाला हात लावला नाही.

"मास्तर, तुमच्या पुस्तिकेतला तो वॉचमन..." तो म्हणाला.

संपावरची ती पुस्तिका मास्तरांनीच लिहिलेली. आमच्या वस्तीत घरोघरी होती. वॉचमन हा मालकाने पोसलेला गुंड, गज घेऊन कामगारांवर धावून आला आणि त्या झटापटीत फाटक पडलं, असं तिच्यात होतं.

"तो धावून आला नव्हता," भोंगा म्हणाला. "हात वर करून ओरडत होता. मागे व्हा, फाटक रुळावरून सुटलंय. मी अगदी पुढे होतो म्हणून मला ऐकू आलं, तेही उशिरा. मागच्यांना आलंच नाही. कसं येणार? मी घोषणा देत होतो ना."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. हातातली गाळणी तशीच राहिली.

"त्याच्या बायकोला वस्तीत गुंडाची बायको म्हणतात. दुसरं काही मागत नाही मास्तर. रविवारी सगळ्यांसमोर सांगा, तो गुंड नव्हता."

मास्तर बराच वेळ चष्मा पुसत बसले. "तुझ्या मनाला काय होतंय ते मला कळतं. पण सत्यालाही वेळ बघावी लागते. आज हे बोललो तर मालकाच्या हातात आयतं कोलीत जाईल."

"मग कधी बोलायचं?"

"ते इतिहास ठरवेल."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला इतिहास फार सोयीचा पडतो. हे आत्ता सुचतंय. तेव्हा मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

रविवारी आम्ही दोघं हॉलवर गेलो. भोंगा रांगांमधून पुढे गेला आणि आपल्या खुर्चीत बसायला वाकला, तेवढ्यात नवीन आलेली एक कार्यकर्ती धावत आली.

"काका, तिथे नका बसू. ती तुरुंगातल्या साथीची खुर्ची आहे."

"अगं, तो साथी हाच," मी म्हणाले.

पोरीने घाबरून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पुढे आले, भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ही खुर्ची आता एकट्याची राहिलेली नाही," ते म्हणाले. "सगळ्या बंदिवानांची झाली आहे. ती रिकामीच शोभते. तुलाही हेच आवडेल." लोकांनी माना डोलावल्या. भोंगा मागे जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

मास्तर नेहमीसारखे सुंदर बोलले. शेवटी भोंग्याने हात वर केला आणि बोलायला लागला. वॉचमनचं सगळं बोलला, अगदी पहिल्यापासून, पण दोन रांगांपलीकडे काही पोचलं नाही. लोक माना वळवून कान देत होते. मास्तर मंचावरून म्हणाले, "आपल्या साथीचा आवाज त्यांनी हिरावून घेतला आहे. तो काय म्हणतो ते मी सांगतो. तो म्हणतो, लढा थांबता कामा नये."

टाळ्यांनी हॉल दणाणला. भोंग्याचे ओठ अजून हलत होते. फाटकाजवळ वॉचमनचेही असेच हलत असतील. मी तेव्हा मिठाची गुळणी धरून बसले. उठून ओरडायला हवं होतं, पण इतक्या वर्षांच्या सवयीने मास्तरांपुढे तोंडच उघडेना.

तिथून भोंगा घरी आला नाही. कारखान्यामागे वॉचमनचं घर होतं, तिकडे वळला. मी मागोमाग. वॉचमनच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. त्याने दारातच उभं राहून तिला सगळं सांगितलं, धापा टाकत, मध्ये मध्ये खोकत. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते गुंड नव्हते, हे मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "मी त्यांच्याबरोबर संसार केलाय. तिकडे सांग."

आणि तिने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

पुढच्या रविवारी भोंग्याला ताप होता. मी एकटीच गेले आणि थेट त्या खुर्चीत बसले. ती पोरगी धावत आली, पण माझा चेहरा बघून थबकली. नेहमीच्या सवयीने मास्तरांचा हात खुर्चीच्या पाठीकडे आला आणि मला पाहून मागे गेला. मी उभी राहिले आणि फाटकाचं सगळं सांगितलं. वॉचमन काय ओरडत होता आणि ते का ऐकू गेलं नाही, तेही सांगितलं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू आलं नाही असं म्हणता येणार नाही, अशा आवाजात सांगितलं.

भोंग्याबरोबर भट्टीवर काम केलेले लोकसुद्धा आपल्या चपलांकडे बघत बसले. मग मास्तर म्हणाले, "बाईंच्या भावनांचा आपण आदर करू." इतकी वर्षं ते मला ताई म्हणत होते.

मी खुर्चीची खोळ काढली, मफलर घेतला आणि घरी आले. भोंगा जागाच होता.

"बोललीस?" त्याने विचारलं.

"बोलले."

"ऐकलं सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी ऐकलं."

तो उशीवरून थोडा वर सरकला. कित्येक दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं नव्हतं.

"मग?"

मी मफलर त्याच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला.

"मग मास्तरांनी पुढचा विषय घेतला," मी म्हणाले.